कुक्कू-घड्याळाची कुळकथा

एखादी वस्तु जुन्या वळणाची दिसली म्हणजे ती फार पुरातन असली पाहिजे, असें मानण्याकडे आपल्या मनाचा स्वाभाविक कल असतो. लांकडावर कोरीव काम असेल, त्या कामांत पानें, वेली, पशुपक्षी असतील, आणि तें करणारा कारागीर डोंगरांतल्या एखाद्या खेड्यांत राहणारा असेल, तर मग विचारावयासच नको. बाहेरच्या जगाचा वारा न लागतां बापानें मुलाला शिकवीत आणलेली ही विद्या आहे, असें आपण मनाशीं ठरवून टाकतों.

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत 'ब्लॅक फॉरेस्ट', म्हणजे काळें अरण्य, या नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें होणारें कोरीव लांकडी घड्याळ हें या समजुतीचें उत्तम उदाहरण होय. उतरत्या छपराचें इवलेंसें घर, त्याच्याभोंवतीं वेलीचीं पानें, माथ्यावर पक्षी किंवा हरणाचें शिर, खालीं साखळ्यांना लोंबणारीं लोखंडी वजनें, आणि तासातासाला झरोक्याचें दार उघडून 'कु-कू' असा पुकारा करणारें पांखरूं, हें चित्र आज जगभर परिचित आहे. परंतु या घड्याळाचा हा चेहरा १८५० सालीं मागविलेल्या नमुन्यांतून जन्मास आला, आणि तो ज्यानें रेखाटला तो घड्याळजीही नव्हता व सुतारही नव्हता. आगगाडीच्या इमारती बांधणारा तो एक शिल्पज्ञ होता. चेहऱ्यामागचें यंत्र व त्या यंत्रामागची कारागिरी मात्र खरोखर जुनी आहे. जुन्या हातांना नवा चेहरा कां घ्यावा लागला, आणि तो घेतल्यानें त्यांचें काय राहिलें व काय गेलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेऊं. ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस पसरलेले हे डोंगर स्प्रूस व फर या सूचिपर्णी वृक्षांनीं दाट भरलेले आहेत. या धंद्याचें माहेरघर जें फुर्टवांगेन गांव, तें समुद्रसपाटीपासून सुमारें ८५० मीटर उंचीवर आहे. हिवाळा लांब, बर्फ पुष्कळ आणि जमीन निकस. नुसत्या शेतीवर पोट भरणें कठीण. आपल्याकडे वडिलार्जित जमीन सगळ्या भावांत वांटली जाते व तिचे तुकडे होत जातात. तिकडची रीत याच्या उलट होती. शेताचे तुकडे पाडावयाचे नाहींत. सबंध वाडी एकाच मुलाला, आणि तोही बहुधा सर्वांत धाकट्याला, मिळावयाची. वडील भावांच्या वांट्याला एखादी झोंपडी, परसापुरती जागा आणि स्वतःचे दोन हात एवढेंच उरे. ज्याला जमीन नाहीं त्याला कसब पाहिजे, आणि दाराशीं लांकूड अमाप असल्यावर तें कसब लांकडाचेंच असणार हें उघड आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत या वस्त्यांवर पहिलीं घड्याळें तयार होऊं लागलीं. कांचसामान विकावयास देशोदेशीं हिंडणाऱ्या एका फेरीवाल्यानें बोहेमियांतून एक लांकडी घड्याळ आणलें व तें पाहून येथल्या लोकांनीं त्याची नक्कल केली, अशी कथा परंपरेनें सांगतात.

तें आरंभींचें घड्याळ फार साधें होतें. चौकट बीच नांवाच्या टणक लांकडाची, आणि चाकेंही लांकडाचींच. धातु म्हणाल तर थोडी तार आणि दोनचार खिळे. चाकाच्या परिघाचे कंपासानें समान भाग पाडावयाचे आणि एकेक दांता हातानें कापावयाचा. लांकडाला रेषा असते. रेषा ज्या दांत्याच्या मुळाशीं आडवी जाते तो ताण बसतांच तुटतो. म्हणून लांकूड कोणतें घ्यावें, तें किती दिवस वाळवावें आणि कोणत्या बाजूनें चिरावें, हें ज्याला कळे त्याचेंच घड्याळ टिके. वजनाच्या जागीं दोरीला बांधलेला दगड असे. लंबक नव्हता, दोन्ही टोंकांस वजनें असलेली एक आडवी दांडी इकडून तिकडे हेलकावे घेई व तिच्या हेलकाव्यांनीं चाकांची गति आवरली जाई. तबकडीवर कांटा एकच, तासाचा. अशा यंत्रांत दिवसाकाठीं पाव तासाची चूक सहज पडे. पण गुरें सोडण्याची व प्रार्थनेची वेळ कळली म्हणजे ज्यांचें भागे, त्यांना पाव तासाची क्षिति ती काय?

सुमारें १७४० च्या पुढें दांडी जाऊन लंबक आला. प्रथम तो तबकडीच्या समोर लोंबत असे, आणि तो हालतांना पाहून लोकांनीं त्याला गाईचें शेंपूट असें गंमतीचें नांव ठेविलें होतें. हळूहळू लांकडी चाकांच्या जागीं ओतीव पितळी चाकें आलीं. चौकट मात्र लांकडीच राहिली. तबकडीच्या पाठीमागें लांकडाची रंगविलेली ढाल बसवूं लागले. तिच्यावर पांढऱ्या रोगणावर गुलाबाचीं फुलें, फळें किंवा एखादें खांबांचें चित्र काढलेलें असे. एकाच घरांत सगळें घड्याळ करण्याचा काळ संपून श्रमांची वांटणी झाली. कोणी नुसत्या चौकटी करी, कोणी चाकें ओती, कोणी साखळ्या गुंफी, कोणी घंटा घडवी, आणि ढाली रंगविण्याचें काम बायकाही करीत. सगळे भाग शेवटीं घड्याळजीच्या खिडकीशीं येत. खिडकीजवळचें मेज हें त्याचें आसन, कारण हिवाळ्याच्या आंखूड दिवसांत उजेडाचा थेंब न थेंब त्याला हवा असे.

तयार माल खपविणारे निराळे. पाठीवर लांकडी सांगाडा बांधून, त्याला घड्याळें टांगून हे फेरीवाले पायींपायीं इंग्लंड, रशिया आणि तुर्कस्थानपर्यंत जात. ते आपसांत भागीदारी करीत, एकमेकांचे प्रांत वांटून घेत, आणि नव्या मुलाला भाषा व व्यवहार दोन्ही शिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या डोंगरांत सुमारें ५००० माणसें या धंद्यावर जगत होतीं, आणि वर्षाला सुमारें ६ लाख घड्याळें बाहेर पडत होतीं. गरिबाच्या भिंतीवर घड्याळ आणून टांगण्याचें मोठें श्रेय या लोकांकडे जातें.

आतां त्या पांखराविषयीं. कुक्कू पक्षी आपल्या कोकिळेच्या व पावशाच्या कुळांतला. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा जसा आपल्या शेतकऱ्याला पावसाची वर्दी देतो, तसा युरोपांत हा पक्षी वसंताची वर्दी देतो. त्याची हांक दोन सुरांची, वरून खालीं उतरणारी. आपल्या परिभाषेंत गांधारावरून षड्जावर यावें तशी. ती यंत्राला वठवावयास अत्यंत सोपी, कारण दोन शिट्ट्या पुरतात. म्हणूनच हें यंत्र काळ्या अरण्यांत निघालें असें म्हणतां येत नाहीं. आउग्सबुर्गच्या फिलिप हाइनहोफर यानें १६२९ सालीं अशा एका घड्याळाचें वर्णन लिहून ठेविलें आहे, आणि तें सॅक्सनीच्या इलेक्टराकडे होतें. आथानासिउस किर्खर या जेसुइट पंडितानें १६५० सालच्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत यांत्रिक कुक्कूची रचना दिली आहे. डोमेनिको मार्टिनेल्ली या इटालियन लेखकानें १६६९ सालीं तास मोजण्यास हीच हांक योजावी असें सुचविलें. काळ्या अरण्यांत हें पांखरूं अठराव्या शतकांत आलें. त्याचा पहिला कर्ता कोण, याविषयीं तेथलेच दोन धर्मोपदेशक दोन निराळ्या हकीकती देतात. फ्रान्झ श्टायरर यांनीं १७९६ सालीं व मार्कुस फिडेलिस येक यांनीं १८१० सालीं, म्हणजे घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं, आपापली हकीकत लिहिली, आणि दोहोंचा मेळ बसत नाहीं. यंत्र कोणाचें का असेना, तें स्वस्त व टिकाऊ करून सामान्यांच्या घरीं पोंचविलें तें याच डोंगरांतल्या कारागिरांनीं, एवढें निर्विवाद आहे.

तें यंत्र एकदां समजून घेण्यासारखें आहे. घड्याळाला दोन वजनें असतात. एक चाल राखण्यासाठीं व दुसरें ठोके देण्यासाठीं. पेटीच्या दोन बाजूंस दोन लांकडी शिट्ट्या, आणि प्रत्येक शिटीच्या माथ्यावर एक लहानसा भाता. तास भरला कीं ठोक्यांचीं चाकें मोकळीं होतात. त्यांच्यापैकीं एका चाकावरच्या खुंट्या तारेच्या दोन दांड्यांना एकामागून एक उचलतात. दांडी भाता उचलते व सोडून देते. भाता आपल्याच वजनानें मिटतांना शिटींत वारा भरतो. उंच सूर आधीं, खालचा मागाहून. त्याच वेळीं तिसरी तार पांखराला पुढें ढकलते, दाराची कडी ओढते, आणि पांखराला वांकवून त्याची चोंच उघडते. किती वेळां ओरडावयाचें हें पुष्कळ घड्याळांत एका खांचांच्या चाकानें ठरतें. त्यावर खांचांमधलीं अंतरें क्रमानें वाढत गेलेलीं असतात. जितकें अंतर मोठें तितक्या हांका अधिक. तासाला तासाइतक्या व अर्ध्या तासाला एक, या हिशेबानें बारा तासांत ९० आणि अहोरात्रांत १८० हांका होतात. म्हणजे ते दोन चिमुकले भाते दिवसाला मिळून ३६० वेळां श्वास घेतात, आणि तेंही केवळ एका लोंबत्या वजनाच्या जोरावर. हें सर्व ज्यानें लांकूड, तार आणि कातड्याच्या तुकड्यांतून उभें केलें, त्याच्या हाताची किंमत करावी तेवढी थोडीच.

पण या हातांवर १८४० नंतर संकट आलें. अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत चॉन्सी जेरोम नांवाच्या कारखानदारानें पितळी पत्र्यांतून यंत्रानें चाकें छापून काढण्याची पद्धति प्रचारांत आणली, आणि १८४२ सालीं आपलीं घड्याळें इंग्लंडला धाडलीं. त्यांची किंमत इतकी कमी लिहिली होती कीं, जकात चुकविण्यासाठींच ती कमी दाखविली आहे असें तेथल्या जकात-अधिकाऱ्यांना वाटलें. कायद्याप्रमाणें लिहिलेल्या किंमतीवर दहा टक्के अधिक देऊन त्यांनीं तो माल जप्त केला. जेरोमनें आनंदानें पैसे घेतले व दुसरें जहाज पाठविलें. तेंही त्यांनीं तसेंच विकत घेतलें. तिसऱ्या खेपेस मात्र अधिकाऱ्यांचे डोळे उघडले. जेरोमनें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत हा प्रसंग लिहून ठेविला आहे. वाचतांना हंसूं येतें खरें. पण काळ्या अरण्यांतल्या झोंपड्यांना तो विनोद महाग पडला. जी किंमत अधिकाऱ्यांना खोटी वाटावी, तिच्याशीं खिडकीशीं बसून एकेक चाक घांसणाऱ्या माणसानें बरोबरी कशी करावी? त्यांतच १८४६-४७ चीं नापिकीचीं वर्षें आलीं, आणि १८४८-४९ च्या क्रांतीनें व तिच्या पाडावानें बाडन संस्थान हादरून गेलें.

अशा वेळीं बाडन सरकारनें १८५० सालीं फुर्टवांगेन येथें घड्याळविद्येची शाळा काढली. तिचे पहिले प्रमुख रॉबर्ट गेर्विग हे होते. हे गृहस्थ स्थापत्य-अभियंते. डोंगरांतून रस्ते व लोहमार्ग नेण्याचें त्यांचें काम. त्यांनीं रोगाची परीक्षा अचूक केली. यंत्रें सुधारलीं पाहिजेत हें तर खरेंच. पण रंगीत ढालीचें घड्याळ शहरांतल्या बैठकीला शोभेनासें झालें आहे, हेंही त्यांनीं ओळखलें. सप्टेंबर १८५० मध्यें त्यांनीं जाहीर विनंति केली कीं, कलावंतांनीं व जाणत्यांनीं घड्याळाच्या पेटीसाठीं नवे नमुने पाठवावे.

या विनंतीला अनुसरून कार्ल्सरुहे येथील फ्रीडरिख आइसेनलोर यांनीं एक रेखाचित्र पाठविलें. बाडनच्या ऱ्हाईन-खोऱ्यांतून जाणाऱ्या लोहमार्गावरील इमारतींचे हे शिल्पज्ञ. रुळांच्या कडेला चौकीदारासाठीं बांधलेलें जें लहानसें घर असतें, त्याचाच दर्शनी भाग त्यांनीं घेतला, मधोमध तबकडी बसविली, आणि भोंवतीं वेल चढविली. एवढेंच. उतरतें छप्पर, सरळ कडा आणि मोजकी नक्षी. 'स्टेशनाचें घरकुल' अशा अर्थाच्या नांवानें तो घाट ओळखला जाऊं लागला. ज्याला आज आपण वनवासी कल्पनेचें फळ समजतों, त्याचें मूळ त्या काळच्या सर्वांत आधुनिक वस्तूंत, म्हणजे आगगाडींत आहे!

मात्र शिल्पज्ञानें कागदावर काढलें म्हणून घड्याळ झालें असें नाहीं. तें कारागिरांनीं आपलेंसें केलें तेव्हांच तें झालें. आरंभींच्या कित्येकांनीं हा घाट उचलला, पण त्यांत कुक्कूचें यंत्र घातलेंच नाहीं. आइसेनलोर फेब्रुवारी १८५४ मध्यें वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आइसेनबाख येथील योहान बाप्टिस्ट बेहा (१८१५-१८९८) यांनीं दर्शनी भागावर तैलचित्रें असलेलीं दोन 'स्टेशन-घड्याळें' फुर्टवांगेनच्या एका व्यापाऱ्याला विकलीं. बेहा घड्याळजीचेच पुत्र. बापाच्या हाताखालीं शिकलेले. त्यांचें काम त्या काळीं उत्तम गणलें जाई. १८५६ च्या जानेवारींत थिओडोर केटरर यांचें असेंच एक घड्याळ ग्लासगोला गेलें. १८५८ सालीं फिलिंगेन येथें भरलेल्या प्रदर्शनांत तर अनेकांनीं या घाटाचीं कुक्कू-घड्याळें मांडलीं. शिल्पज्ञाच्या सपाट रेषा येथून पुढें उठाव घेऊं लागल्या. १८६१ च्या सुमारास शिकारीच्या देखाव्याचा घाट निघाला. त्यांत हरणाचें शिर, बंदुका, शिकारीची पिशवी आणि टांगलेला ससा. १८६२ पर्यंत बेहा हाडाचे कोरीव कांटे व सूचिपर्णी वृक्षाच्या शंकूसारखीं ओतीव वजनें देऊं लागले. बारा वर्षांच्या आंत आगगाडीची चौकी अरण्यांत शिरली आणि अरण्य तिच्यावर चढलें.

या कोरीव कामाचा हात कसा चालतो तेंही पाहूं. पानाफुलांसाठीं लिंडन वृक्षाचें लांकूड पसंत करतात. तें मऊ, एकसारख्या पोताचें, आणि कोणत्याही अंगानें कापलें तरी सहसा न फुटणारें. फळीवर साच्यानें आकृति उतरून बारीक करवतीनें कडा कापतात. मग गोल धारेच्या निरनिराळ्या पटाशांनीं मधला भाग उतरवीत नेतात. खरी परीक्षा पुढें असते. पान पेटीवर चिकटविल्यासारखें दिसूं नये, वाऱ्यानें उचलल्यासारखें दिसावें, म्हणून त्याच्या कडेखालून लांकूड काढून ती कड पातळ करावी लागते. जास्त काढलें तर पान गळून पडतें, कमी काढलें तर तें निर्जीव राहतें. शिरा सर्वांत शेवटीं, तिकोनी पटाशीच्या एकेका ओढींत. त्यानंतर तपकिरी रंगाचा हात. जाणता माणूस जुनें घड्याळ पारखतांना पांखराकडे पाहत नाहीं. पानाच्या कडेखालीं बोट घालून पाहतो.

या नव्या चेहऱ्यानें धंदा वांचला काय? याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. वेळ दाखविण्याच्या व्यवहारांत हातकारागीर हरलाच. त्याच मुलुखाच्या वुर्टेम्बेर्गकडील बाजूस, श्राम्बेर्ग येथें, १८६१ सालीं एरहार्ड युंगहान्स यांनीं कारखाना काढला व पुढें तो अमेरिकन पद्धतीवर चालविला. १९०३ च्या सुमारास तेथें ३००० हून अधिक कामगार होते व जगांतला सर्वांत मोठा घड्याळ-कारखाना म्हणून तो ओळखला जाई. तारकेच्या खुणेचीं हीं घड्याळें हिंदुस्थानांतही पुष्कळ आलीं. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या सोप्यांत, कोरीव महिरपीच्या लांकडी पेटींत ठोके देणारें एखादें 'युंगहान्स' अद्यापि आढळतें, व घरांतले लोक त्याला आजोबांच्या नांवानें ओळखतात. काळ्या अरण्याचा आपल्या भिंतींशीं संबंध जडला तो असा, कारखान्याच्या मार्गानें.

हातकारागिराला उरली ती शोभेची बाजू. आणि तिलाही आधार मिळाला आगगाडीचाच. गेर्विग यांनींच आंखलेला काळ्या अरण्यांतून जाणारा लोहमार्ग १८७३ सालीं पुरा झाला, आणि ट्रिबेर्गसारख्या गांवीं प्रवाशांची रीघ लागली. ज्या माणसाचा आजा पाठीवर घड्याळें घेऊन गिऱ्हाईक शोधीत हिंडला, त्याच्या दाराशीं आतां गिऱ्हाईक चालून येऊं लागलें. तें वेळ पाहण्यासाठीं घड्याळ घेत नसे. आपण येथें येऊन गेलों याची खूण म्हणून घेई. मार्क ट्वेन यानें १८८० सालच्या आपल्या प्रवासवर्णनांत या घड्याळाची यथेच्छ थट्टा केली आहे. आपण एक विकत घेतलें तें ज्याच्यावर आपला राग आहे त्याला देण्यासाठीं, असें तो म्हणतो. तें स्वित्झर्लंडांतल्या लुसर्नच्या मुक्कामांत. तेव्हांच हीं घड्याळें शेजारच्या देशाच्या दुकानांत जाऊन बसलीं होतीं. पुढें १९४९ च्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटांतील एका पात्रानें तर त्यांचें सगळें श्रेय स्विस लोकांना देऊन टाकलें, आणि ती चूक आज कितीएक लोक खरी मानून चालतात. ज्या वस्तूवर कर्त्याचें नांव नसतें, तिचा गांव बदलावयास फार वेळ लागत नाहीं.

असो. आज बाजारांत विजेच्या घटावर चालणारीं व पक्ष्याचा मुद्रित आवाज ऐकविणारीं कुक्कू-घड्याळें ढीगभर मिळतात. तरीही भाते, शिट्ट्या आणि वजनें असलेलें घड्याळ करणारीं घराणीं त्या डोंगरांत आहेत. गेर्विग यांनीं शाळेसाठीं १८५२ सालीं जुन्या घड्याळांचा जो संग्रह आरंभिला, त्यांतूनच फुर्टवांगेनचें घड्याळांचें संग्रहालय उभें राहिलें. नवे नमुने मागविणाऱ्या याच माणसानें जुने नमुने जपून ठेविले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. लांकडी दांत्यांचें चाक आणि गुलाबांची ढाल त्यानें मोडींत निघूं दिली नाहीं. आणि त्याच वेळीं, तुम्ही हेंच करीत राहा, असेंही त्यानें कारागिरांना सांगितलें नाहीं.

आपल्याकडे हस्तव्यवसायांविषयीं बोलतांना दोन टोंकें गांठलीं जातात. एक पक्ष म्हणतो, जुनें तें जसेंच्या तसें राखा; दुसरा म्हणतो, जें बाजारांत टिकत नाहीं तें मेलेलें बरें. कुक्कू-घड्याळाची कथा या दोघांनींही ऐकावी. घाट नवा आला, तोही परक्या धंद्यांतून. पण पानाची कड किती पातळ करावी हें कोणत्याही शिल्पज्ञाच्या चित्रांत लिहिलेलें नव्हतें. तें ज्या हातांना ठाऊक होतें, ते हात जोंवर पोट भरून कामावर बसले, तोंवर त्या घाटाला परंपरा म्हणण्यास हरकत नाहीं. उद्यां ते हात उठून गेले, तर घाट तसाच राहील, दार उघडेल, पांखरूं ओरडेल. पण पानाच्या कडेखालीं बोट घालणाऱ्याला तेथें कांहीं लागणार नाहीं.